तालुक्याच्या गावातून विज्ञानकथेचं अनियतकालिक चालवायचं तर

ब्रह्मपुरीकडच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. गावच्या वाचनालयात आणि शाळेत मिळून दहा-बारा जण आवडीने विज्ञानकथा वाचतात, तीन-चार जण लिहितातही. बाहेर फॅनझिन म्हणतात तसलं काही, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेला अंक, इथून काढता येईल का, खर्च किती येईल, आणि ज्यांनी जन्मभर हेच केलं ते लोक नेमकं काय करत होते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कळलं की कागदापासून प्रतींपर्यंतचे बरेच निर्णय आपोआप होतात. ते लोक पत्रव्यवहार करत होते. अंक हा त्या पत्रव्यवहाराचा छापलेला भाग होता, एवढंच.

१९२६ च्या एप्रिलमध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यानिशी छापली जायची. वाचकांनी ते पत्ते उतरवून घेतले आणि संपादकाला वगळून एकमेकांनाच लिहायला लागले. अशाच एका पत्रमंडळाने १९३० च्या मे महिन्यात 'द कॉमेट' काढलं. पहिलं विज्ञानकथा-फॅनझिन म्हणून त्याचंच नाव घेतात. म्हणजे आधी पत्रं आली आणि अंक मागून आला. आपल्याकडे हा क्रम बहुतेक जण उलटा करतात: आधी देखणा अंक, मग वाचकांच्या प्रतिसादाची वाट. तो येत नाही, आणि तिसऱ्या अंकाला संपादक थकतो.

तुमच्यासारख्यांनी बघण्याजोगा माणूस म्हणजे हॅरी वॉर्नर ज्युनियर. मेरीलँडमधल्या हॅगर्सटाउन या लहान गावात वर्तमानपत्रात नोकरी करणारा माणूस. प्रवास जवळपास नाहीच, संमेलनांना क्वचित. 'स्पेसवेज' १९३८ ते १९४२ चालवलं, आणि १९३९ ला सुरू केलेलं 'होरायझन्स' २००३ मध्ये वारला तोवर काढत राहिला. पण त्याची खरी ख्याती वेगळीच. हाती पडलेल्या जवळजवळ प्रत्येक फॅनझिनला तो सविस्तर अभिप्रायाचं पत्र लिहायचा, आणि हे दशकानुदशकं चाललं. १९४० च्या दशकातल्या या चाहत्यांचा इतिहासही त्यानेच लिहिला. १९६९ आणि १९७२ चा ह्यूगो हा विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार त्याला चाहता-लेखक म्हणून मिळाला. मोठं शहर, मोठा छापखाना, मोठा खप यातलं काहीही त्याच्याकडे नव्हतं. टाइपरायटर आणि पोस्ट ऑफिस होतं.

त्या मंडळींचा व्यवहारही समजून घ्या. अंक विकत मिळायचाच असं नाही. अभिप्रायाचं पत्र पाठवा, मजकूर किंवा चित्र पाठवा, नाहीतर तुमचा अंक बदली द्या. यातलं काहीही केलं की पुढचा अंक मिळायचा. काहीच केलं नाही तर नाव यादीतून जायचं. ही पद्धत जशीच्या तशी उचला. तुमच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: "पुढचा अंक हवा असेल तर पत्र, मजकूर, बदली अंक किंवा रोख." आणि सलग दोन अंकांवर एक ओळही न पाठवणाऱ्याचं नाव खरोखर काढा. सुरुवातीला संकोच वाटेल, त्यात गावातली प्रतिष्ठित मंडळी असतील. त्यांना काढताना वाचनालयाची प्रत दाखवून द्या.

आता प्रती किती, हे यावरून ठरतं. एक माणूस नोकरी-शेती सांभाळून एका अंकामागे पंचवीस-तीस पत्रांना नीट उत्तर देऊ शकतो. तिघांतला एक वाचक लिहितो असं धरलं (हा आशावादी अंदाज आहे) तर ८० प्रती पुरेत. ५०० प्रतींच्या नादी लागू नका. छपाई स्वस्त पडते म्हणून पाचशे काढायच्या आणि चारशे वीस माळ्यावर ठेवायच्या, हा या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे.

पहिल्या वर्षी तर अंकही काढू नका, असं मी म्हणेन. त्याऐवजी गठ्ठा करा. १९३७ मध्ये डोनाल्ड वॉलहाइमने फँटसी अ‍ॅमेच्युअर प्रेस असोसिएशन सुरू केली, त्यात प्रत्येक सभासद आपली चार-आठ पानं स्वतःच छापून सभासदसंख्येइतक्या प्रती एका माणसाकडे पाठवायचा, आणि तो सगळ्यांच्या पानांचे गठ्ठे लावून परत सगळ्यांना धाडायचा. तुम्ही पंधरा जण असाल तर प्रत्येकाने ए-५ आकाराची ८ पानं काढायची, म्हणजे ए-४ चे दोनच कागद, पंधरा प्रती. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) ए-४ कागद ४.४ ग्रॅमचा, पंधरा जणांचा पूर्ण गठ्ठा साधारण १३० ग्रॅम. संपादन नाही, नकार नाही, रुसवाफुगवी नाही. मुख्य म्हणजे दुसऱ्या गठ्ठ्यात प्रत्येकाला पहिल्या गठ्ठ्यावर निदान एक पान लिहायला लावायचं. चार गठ्ठे झाले की कोण खरंच लिहितो, कोण नुसता "छान" म्हणतो, कोणाला चित्र येतं, कोणाचं शुद्धलेखन विश्वासाचं आहे, हे सगळं कळतं. संपादक मंडळ तिथून निवडा.

अंकावर येऊ. ए-५, ४८ पानं, हा आटोपशीर आकार आहे. आतली समास १६ मिलिमीटर, बाहेरची १४, वर १६, खाली २०. अक्षर साडेबारा पॉइंट, ओळीतलं अंतर साडेसोळा. अशा पानावर तीस ओळी आणि २७० ते ३०० शब्द बसतात. चार पानं मुखपृष्ठामागची माहिती, अनुक्रम, संपादकीय यांना गेली की ४४ उरतात, म्हणजे बारा हजार शब्द. त्यात दोन-अडीच हजार शब्दांच्या तीन कथा, एक विज्ञानटिपण, आणि पत्रांना दहा ते बारा पानं. पत्रांची पानं कथेसाठी कापायची नाहीत. जागा कमी पडली तर एक कथा पुढच्या अंकात ढकला.

पत्रं संपादित करणं ही स्वतंत्र कला आहे. पूर्ण पत्र छापू नका, "आपला अंक मिळाला, आनंद झाला" हा भाग आधी उडवा. एका मुद्द्यावरची तीन पत्रं शेजारी आणा, मग भांडण आपसूक उभं राहतं. संपादकाचं उत्तर वेगळ्या टायपात, दोन-तीन ओळींत. जी पत्रं छापली नाहीत त्यांच्या लेखकांची नावं शेवटी एका परिच्छेदात द्या. लोक ती यादी सगळ्यात आधी वाचतात. हल्ली बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवतात. तो लिहून काढा, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, होकार घ्या, मगच छापा. गर्न्सबॅकसारखे पूर्ण पत्ते मात्र आज छापू नका. नाव आणि गाव पुरे. ज्यांना एकमेकांशी बोलायचंय त्यांची गाठ संपादकाने दोघांना विचारून घालून द्यावी.

कथा पहिल्यांदा वाचताना लेखकाचं नाव झाका. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. स्वतःच्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाने ही खटपट केली. तुमच्या गावात मुख्याध्यापकांची कथा आणि नववीतल्या मुलीची कथा एकाच पाकिटात येणार आहे, तेव्हा ही काळजी तुम्हीच घ्यायला हवी. एकाने नावं काढून क्रमांक घालायचे, दुसऱ्याने वाचायचं.

दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. कथेतल्या प्रत्येक आकड्याखाली, प्रत्येक ठिकाणाखाली, प्रत्येक यंत्राखाली रेघ मारा आणि समासात लिहा: कुठून आलं? एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण तुमच्या शेजारचंच आहे. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भाच्या आकाशात जळते ठिपके रांगेने जाताना लोकांनी पाहिले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळे सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं. या घटनेवरच्या कथा तुमच्याकडे येणारच. त्यांत काय काय चुकतं ते बघा.

पहिली चूक वेगाची. कक्षेतला वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर असतो, म्हणून लेखक तोच वेग जमिनीपर्यंत आणतो आणि वावरात शंभर फुटांचा खड्डा पाडतो. कडं पोकळ आणि हलकं असतं. हवेत त्याचा वेग उतरत जातो आणि शेवटी ते ताशी शे-दोनशे किलोमीटरनेच आपटतं. माणूस किंवा बैल मरायला तेवढंही पुरे, पण खड्डा पडत नाही. कथेतली भीती मोठी हवी असेल तर ती खड्ड्यात नाही, कडं घरापासून किती हातांवर पडलं त्यात आहे.

दुसरी चूक मालकीची. आपल्या वावरात पडलं म्हणजे आपलं, भंगारात विकू, असं पात्र म्हणू शकतं. कथेने मात्र ते खरं धरू नये. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू सोडणाऱ्या देशाने मागितली तर ती परत द्यावी लागते. नुकसान झालं तर १९७२ च्या करारानुसार तो देश भरपाईला बांधील असतो, पण दावा सरकारनेच करायचा, शेतकऱ्याने थेट नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात पडला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. आता विचार करा: सिंदेवाहीच्या धान उत्पादकाचा दावा तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी, मुंबई, दिल्ली, बीजिंग असा चढत जातो. ही कथा खड्ड्याच्या कथेपेक्षा कितीतरी चांगली आहे, आणि ती फक्त नियम तपासल्यामुळे सापडते. तथ्यतपासणीने कल्पनाशक्ती मरते असं म्हणणाऱ्यांना हेच उदाहरण द्या.

तिसरी चूक बोलीची, आणि ती आपलेच लोक करतात. विदर्भातली कथा म्हटली की सगळी पात्रं वऱ्हाडी बोलायला लागतात. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा हा झाडीचा मुलूख. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो, काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. झाडीबोलीत त्याचा 'र' होतो, कारा आणि डोरा. 'मले-तुले', 'करून राहिला' हे दोन्हीकडे ऐकू येईल, पण अकोल्याचा हेल लाडबोरीच्या म्हातारीच्या तोंडी घातला तर तिथला वाचक दुसऱ्या ओळीलाच हसतो. म्हणून तिसरं वाचन मोठ्याने करायचं, त्या भागातल्या माणसासमोर. एक बंधन पाळा: संवाद बोलीत, निवेदन प्रमाण मराठीत किंवा पूर्ण बोलीत, पण एका कथेत एकच रीत. आणि एका शब्दाचं एकच लेखन. 'काहून' पान दहावर आणि 'काऊन' पान बारावर असं नको. लेखकाला विचारून एका कागदावर यादी करून ठेवा, तीच यादी मुद्रितशोधन करणाऱ्याकडे द्या.

लोणारवरच्या कथांसाठी वेगळा कागद ठेवावा लागेल, इतक्या त्या येतात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाण्याचा सामू १० च्या आसपास, आणि वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. जुन्या पुस्तकांत ५२,००० वर्षं सापडतात, ती आधीची मोजणी. फरक किरकोळ नाही: ५२,००० धरलं तर आघात पाहणारा माणूस कथेत घालता येतो, पावणेसहा लाख धरलं तर आपली जातच अजून उपजलेली नसते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, परग्रहवासीयांमुळे नव्हे. लेखकाला परग्रहवासी हवेच असतील तर सूक्ष्मजीवांचं स्पष्टीकरण आधी येऊ द्या आणि मग ते कुठे अपुरं पडतं ते दाखवू द्या.

कपाशीच्या कथांत जनुकं कशीही उड्या मारतात. बीटी कपाशीला २००२ मध्ये मंजुरी मिळाली, विषाचं जनुक मातीतल्या जिवाणूचं, आणि गुलाबी बोंडअळीने त्याला प्रतिकार मिळवला. एवढी साखळी लेखकाला ठाऊक असेल तर २०६० सालची कपाशी तो विश्वासाने उभी करू शकतो. मंगळाशी गप्पा मारणाऱ्या पात्रांना आठवण द्या की संदेश एका बाजूने जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. बाकी यंत्राने, म्हणजे एआयने, लिहिलेल्या कथाही येतील. २०२३ च्या फेब्रुवारीत 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथा-मासिकाला अशा कथांच्या लोंढ्यामुळे कथा घेणंच काही काळ बंद करावं लागलं होतं. तुमच्याकडे एक सोपी चाळणी आहे: लेखकाला भेटा किंवा फोन करा आणि विचारा, हे वावर कोणत्या नाल्याच्या कोणत्या काठावर आहे.

नकार पंधरा दिवसांत कळवा, कारणासह, दोन वाक्यांत. स्वीकार केला तर एवढंच लिहून घ्या: एकदा छापण्याची परवानगी, स्वामित्वहक्क लेखकाचा, मोबदला तीन प्रती. भाषांतरं आली तर मूळ लेखक कधी वारला ते पाहा. भारतात मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, एच. जी. वेल्स १९४६ ला गेला, म्हणून त्याचं लेखन २००७ पासून मोकळं झालं. पण दुसऱ्याने केलेलं मराठी भाषांतर मोकळं झालं असं त्यातून होत नाही.

अक्षरजुळणी. तालुक्याचा डीटीपीवाला अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या टाइपांवर असेल, आणि तुमचे लेखक मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवतील. दोन्हींची भेळ झाली की ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. सगळं युनिकोडमध्येच ठेवा. यशोमुद्रा किंवा तिरो देवनागरी मराठी असा मोफत टाइप घ्या. टाइप निवडताना मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत ना ते बघा, आणि 'ऱ्हास', 'तऱ्हा', 'वऱ्हाड' हे तीन शब्द छापून पाहा. 'र्हास' आलं की टाइपाचा किंवा टंकणाऱ्याचा घोटाळा आहे. अंक वऱ्हाडात जाणार आणि 'वर्हाड' छापलेलं, ही शोभा नको. 'ॲ' साठीही एकच चिन्ह सगळीकडे आहे का ते शोधा-बदलामध्ये तपासा. छपाईला पीडीएफच द्यायची, टाइप आत घातलेले असलेली. चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवायची तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून आली की बारीक रेघा पुसल्या जातात.

छपाई. पूर्वी ही मंडळी जिलेटिनच्या हेक्टोग्राफवर जांभळ्या पन्नासेक प्रती काढत किंवा मेणाच्या स्टेन्सिलवर मिमिओग्राफ. आपल्याकडे सायक्लोस्टाइल म्हणायचे तेच. १९५४ साली मुंबईत 'शब्द' त्यावरच निघालं आणि मराठी लघुनियतकालिकांची वाट तिथून फुटली. आज ८० प्रतींसाठी झेरॉक्सच. ए-४ आडवा, दोन्ही बाजूंनी, मधोमध दुमडायचा. ४८ पानांना १२ कागद. जोड लावताना एक तपासणी: कागदाच्या एका बाजूवरच्या दोन पानांची बेरीज नेहमी ४९. सगळ्यात बाहेरच्या कागदावर ४८ आणि १, त्याच्या मागे २ आणि ४७. कुठे बेरीज चुकली तर थांबा. दोन्ही बाजू छापताना यंत्राला आखूड कडेवर उलटायला सांगा, लांब कडेवर दिलं की मागचं पान डोक्यावर उभं राहतं. पूर्ण गठ्ठा काढायच्या आधी एकच प्रत काढून, दुमडून, पिन मारून पान पान उलटा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

बारा कागद एकात एक घातले की आतले कागद बाहेर सरकतात, ७० जीएसएमला साधारण एक मिलिमीटर. म्हणून बाहेरची समास १४ पेक्षा कमी नको. मुखपृष्ठ २१० जीएसएमचं घेतलंत तर आधी क्रीझ (घडीची दाबरेघ) मारून घ्या, नाहीतर घडीवर टोनर, म्हणजे झेरॉक्सची कोरडी शाई, तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. लांब हाताचा स्टेपलर एकदाच विकत घ्यावा. २४/६ च्या पिना बारा कागद आणि मुखपृष्ठाला पुरतात. वरून आणि खालून पाच-पाच सेंटिमीटरवर, पाय आतल्या बाजूला. पूर्ण अंकाचं वजन साधारण ६५ ग्रॅम भरतं. खर्चाला बाजू एक रुपया धरली तर आतल्या २४ बाजू २४ रुपये, मुखपृष्ठ आठ-दहा, पिना-दोरा-वाया गेलेले कागद मिळून प्रत ३५ च्या घरात. तुमच्या गावी बाजू दोन रुपयांनी असेल तर हिशेब थेट साठाकडे जातो, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजजवळच्या दुकानात विचारा.

घरी छापायचं ठरवलं तर लेझर प्रिंटर आणि गावची वीज यांचं जमत नाही. कागदावर टोनर वितळवणारा भाग क्षणात पाचशे ते हजार वॉट ओढतो आणि साधा इन्व्हर्टर बसतो. इंकटँक दहा-वीस वॉटवर चालतो. पण त्याची रंगीत शाई पाण्याने पसरते, आणि मे महिन्यात वापर नसला की नोझल सुकतात. आठवड्याला एक रंगीत पान काढत राहायचं, तेवढाच उपाय.

हवामान हा विदर्भातल्या संपादकाचा सहसंपादक आहे. गोंद लावून बांधलेला अंक पंचेचाळीस अंशांत कण्यापासून सुटतो, म्हणून पिनाच बऱ्या. चकचकीत लॅमिनेशनची मुखपृष्ठं तापलेल्या गाडीत एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात रिम फोडून ठेवली की कागद ओल धरतो, वळतो आणि यंत्र दोन-दोन कागद ओढतं. लागेल तेव्हाच रिम फोडा. वेळापत्रकही यावरच बांधा. एप्रिल-मेमध्ये छापखाने लग्नपत्रिकांनी भरलेले असतात. जून-जुलैत पेरणी, रोवणी. पत्रं येणार नाहीत. दिवाळीला मोठमोठ्या दिवाळी अंकांच्या ढिगात तुमची ४८ पानं कोण बघणार? एक अंक संक्रांतीच्या सुमारास, एक पोळ्याच्या. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा नाट्यहंगाम सुरू होतो, तेव्हा वडसा आणि आसपास रात्रभर जागणारी गर्दी आयती असते. संक्रांतीच्या अंकाच्या काही प्रती चहाच्या टपरीवर ठेवून पाहा. माझा अंदाज, विज्ञानकथा हा शब्द न लावता "कडं पडलं त्याची गोष्ट" असं सांगून जास्त जातील.

वाटपासाठी गावोगावची 'ड' वर्गाची वाचनालयं धरा. दोन प्रती फुकट द्यायच्या आणि बदल्यात ग्रंथपालाकडून एवढंच घ्यायचं की कोणी वाचला त्यांची चार वाक्यं वहीत लिहून घ्यावीत. लांबच्या गावी दहा प्रतींचा गठ्ठा एका माणसाकडे, एसटीच्या पार्सलने. टपालाचं म्हणाल तर १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. पण ठरावीक काळाने निघणारी प्रकाशनं आणि जाहिराती त्यात चालत नाहीत. अंक क्रमांक, वर्ष दुसरं असं मुखपृष्ठावर असलं की खिडकीवर वाद होणार. आधी एक प्रत दाखवून पोस्टमास्तरांना विचारा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे जुने दर मनात धरून वर्गणी ठरवू नका.

कायद्याची भीती नको, पण माहिती हवी. १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. तो ठरावीक अंतराने निघणाऱ्या, सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य देणाऱ्या प्रकाशनांसाठी आहे. कथा आणि पत्रं छापणारं, तारखेला न बांधलेलं अनियतकालिक त्यात बसत नाही. दर महिन्याला काढून तालुक्याच्या कारभारावर लिहायला लागलात तर मात्र नोंदणी करा. काहीही असो, संपादक, प्रकाशक, मुद्रक आणि गाव ही नावं आत छापलेली असलीच पाहिजेत.

पैसे तीन अंकांपेक्षा जास्तीचे आगाऊ घेऊ नका. आजीव वर्गणी तर मुळीच नाही. अंक बंद पडला तर उरलेले पैसे परत करावे लागतात, आणि बंद पडतो तो पैसे संपल्यावरच. जमाखर्च प्रत्येक अंकात अर्ध्या पानात छापा. जाहिरात घ्यायची तर कृषी केंद्राची एक, मागच्या मुखपृष्ठावर, आणि ती असलेली प्रत ज्ञान पोस्टने पाठवू नका.

उरला संग्रह, ज्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष हवं. जुन्या अमेरिकन फॅनझिनांचा स्वस्त मिमिओ कागद आम्लयुक्त होता, तो तपकिरी पडून तुकडे होतो, म्हणून आयोवा विद्यापीठाला हेवेलिन संग्रहातले अंक स्कॅन करत बसावं लागलं. तुम्ही वृत्तपत्री कागद वापरूच नका. प्रत्येक अंकाच्या पाच प्रती बाजूला: दोन तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावी दुसऱ्या घरात, एक जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात, एक नागपूरला विदर्भ साहित्य संघात विचारून. लाकडी कपाट भिंतीला टेकवू नका, उधई भिंतीतूनच येते. पत्र्याची पेटी, आत कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत, दर दिवाळीला उघडून कसर बघायची. जास्त वर्षं ठेवायच्या प्रतींच्या पिना काढून पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवा, कारण पावसाळ्यात पिनेचा गंज मधल्या चार पानांवर उतरतो. मूळ पीडीएफ दोन ठिकाणी. आलेली पत्रं अंकाच्या क्रमाने पाकिटांत, छापलेली आणि न छापलेली वेगळी न करता. हाताने लिहिलेली असतील तर ३०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये स्कॅन करून फाइलच्या नावात अंक क्रमांक, आडनाव, गाव या क्रमाने घाला.